पट्टीबाईंची वाकडी रेघ

कपाच्या काठाला जी निळी रेघ असते ती कुणी काढली असेल, असा विचार चहा पिताना कुणी करत नाही. कुणी करू नये अशीच ती काढलेली असते. कप फिरत्या चाकावर ठेवायचा, डाव्या हाताने चाकाला टिचकी द्यायची, उजव्या हातातला कुंचला काठाशी टेकवायचा आणि कपाची एक फेरी पुरी होईपर्यंत श्वास धरून दगड व्हायचं. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे, आणि मिळाली कुठे याचा पत्ता लागता कामा नये. त्या जागेला कारखान्यात सांधा म्हणत. सांधा दिसला की कप नापास.

पट्टीबाईंचा सांधा कधी कुणाला सापडला नव्हता. नवीन आलेल्या मुली भिंग लावून शोधायच्या, पैजा मारायच्या आणि हरायच्या. पट्टीने मारल्यासारखी रेघ म्हणून पट्टीबाई. खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवून सांगावं लागे. शिकाऊ पोरींना त्यांचा एकच धडा असे. रंग भट्टीत जाईपर्यंत ओला-कच्चा असतो, बोट लागलं तरी पुसला जातो, हे आपलं नशीब समजा. रेघ हलली तर विचार करत बसायचं नाही. हात आपोआप ओल्या फडक्याकडे गेला पाहिजे. पुसायची, पुन्हा काढायची.

त्यांचा नवरा गेला त्यानंतरच्या सोमवारी पट्टीबाई चाकावर हजर होत्या. त्या दिवशीही रेघ केसभर हलली नाही. सगळ्यांनी याचं फार कौतुक केलं. त्या वेळी पट्टीबाईंनाही ते कौतुकच वाटलं होतं.

मग एका सकाळी नळाखाली धरलेलं भांडं त्यांच्या हातातून सुटलं. वाकून उचलायला गेल्या तर हात सोबत आला नाही. झटका सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याचे झटके सौम्यच असतात, हे पट्टीबाईंचं उत्तर. पण ते त्यांना बरंच नंतर देता आलं, कारण त्या वेळी जीभही जड झाली होती. जीभ परत आली, पाय परत आला. उजवा हात परत आला तो थरथर घेऊन. सुईत दोरा ओवणं राहू दे, सदऱ्याचं बटण लावतानाही तो पंखाला दोरी बांधलेल्या चिमणीसारखा फडफडायचा.

आणि ताई आली. पट्टीबाईंची थोरली बहीण, जन्मभर शाळांचे गणवेश शिवलेली. आली ती शिलाई मशीन घेऊनच, म्हणजे परत जायचा विचार नाही हे सांगायची गरज पडली नाही. आठवडाभरात घरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या, पडदे आखूड झाले आणि औषधांच्या वेळा शाळेच्या घंटेसारख्या वाजू लागल्या. ताईचं प्रेम इस्त्रीसारखं होतं. ऊब द्यायचं, पण सुरकुती दिसली की वरून दाबायचं.

हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यातून कागद मिळाले होते. कागदावर दोन ठिपके, ते पेन्सिलीने जोडायचे, बस. ताई खुर्ची ओढून समोर बसायची आणि सरळ, सरळ, अगं सरळ, असा जप करायची. कारखान्यातल्या अर्ध्या बायकांना जिने सरळ रेघ शिकवली, तिच्यासमोर आता दोन ठिपके वाकुल्या दाखवत होते. एका दुपारी पट्टीबाईंनी पेन्सिल मुठीत धरली आणि ठिपके राहिले बाजूला, कागदावर अशा काही रेघोट्या ओढल्या की कागद फाटला, खालची चटईसुद्धा काळी झाली. ताईला वाटलं, दुसरा झटका आला. ती फोनकडे धावली. पट्टीबाई मात्र भिंतीला टेकल्या आणि दुखणं आल्यापासून पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली.

जाग आल्यावर त्यांनी धाकटीला निरोप धाडला. धाकटी म्हणजे कारखान्यात त्यांच्या शेजारच्या चाकावर बसणारी. त्यांच्याच हाताखाली शिकली म्हणून धाकटी, एरवी तिची स्वतःची मुलगी कॉलेजात होती. नापास झालेले थोडे कप, उरलेला रंग आणि जुनं हातचाक घेऊन ये, एवढाच निरोप होता. धाकटी सगळं घेऊन आली, शिवाय दोन नवे कुंचले आणि स्वच्छ धुतलेलं फडकंही. बाई सराव करणार, पुन्हा चाकावर येणार, या आनंदात तिने ताईसमोर चक्क उडी मारली.

बाईंनाही तसंच वाटत होतं. खिडकीशी चाक मांडून त्या रोज सरावाला बसू लागल्या. रेघ काढायची, हलायची, पुसायची. काढायची, हलायची, पुसायची. रंग कमी आणि फडकं जास्त, असं चाललं होतं. एक दिवस फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं, ते आणायला उठायचा कंटाळा आला, म्हणून रेघ तशीच राहिली. पुसता येत नाही तर बघू तरी, म्हणून त्यांनी कप डोळ्यांजवळ धरला.

रेघ घाबरत निघाली होती. मग थोडी धीट झाली, वर चढली. एके जागी ती चक्क दचकली होती. पट्टीबाईंना आठवलं, तेव्हाच स्वयंपाकघरात ताईच्या हातून झाकण पडलं होतं. तिथून पुढे रेघ चिडलेली, जाड. आणि शेवटी सांधा, तो तर असा उघडा, जसं कुणी दार लावायला विसरावं. बाई कप फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत हजारो कप या हाताखालून गेले, पण कुठल्याच कपावर त्या स्वतः नव्हत्या. नसण्याचाच तर पगार मिळत होता. आणि हा फुटक्या कानाचा कप, यावर सकाळपासूनची सगळी पट्टीबाई बसली होती.

त्या दिवसापासून त्यांनी फडकं खुंटीवरच ठेवलं. हाताला थांब म्हणायचं सोडलं. चल, कुठे जायचं ते तू ठरव, म्हणाल्या. हात जायचा. कधी काठावरून घसरून कपाच्या पोटापर्यंत उतरायचा, कधी एकाच जागी घुटमळून रंगाचं डबकं करायचा. रागाची रेघ वेगळी यायची, भीतीची वेगळी. एका बशीवर त्या नवऱ्याच्या चपलांचा विचार करत होत्या. दाराशी उलट्या पडलेल्या असायच्या, रोज त्या सरळ करायच्या, रोज कुरकुरायच्या. रेघ अर्ध्यावर आली आणि तिथेच बसली, पुढे जाईना. रंग साचला, ओघळला. पट्टीबाई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या. त्या सोमवारी रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं. ताई रक्तदाबाचं यंत्र घेऊन दाराबाहेर उभी. बाहेर ये, पट्टा बांधू दे, दाब चढलाय तुझा.

"चढला नाही, उतरतोय," आतून उत्तर आलं.

धाकटी येता-जाता भट्टीत एखादी जागा मागून घ्यायची, त्यामुळे काही कप भाजून पक्के झाले. पट्टीबाईंनी ते कपाटात दर्शनी भागात मांडले. ताईने मागे सरकवले. त्यांनी पुढे आणले. हे युद्ध बोलणं न होता बरेच दिवस चाललं. मग खालच्या मजल्यावरची शेजारीण चहाला आली आणि कपाटाकडे बघून म्हणाली, किती गोड, कुठल्या लहान मुलाने रंगवलेत? ताईने मूग गिळले नाहीत, सरळ खोटं ठोकलं. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या मुलांचं काम, म्हणाली.

"मी रंगवलेत," पट्टीबाई आतून येत म्हणाल्या. "लहान मूल मीच. बसा, त्यातच चहा देते."

शेजारणीने चहा घाईघाईत संपवला. ती जिना उतरेपर्यंत ताईने दम धरला, मग सुरू झाली. लोक कीव करतात, हे कळत नाही का तुला? ज्या हाताचं नाव होतं त्याची अशी शोभा करायची? मी शिवलेल्या गणवेशाची शिवण वाकडी गेली तर मी ती उसवते, चौकात टांगत नाही.

"तू उसव," पट्टीबाई म्हणाल्या. "तुला उसवता येतं. मला तो हात उसवून दुसरा शिवता येणार आहे का?"

ताईने भांडी घासायला घेतली. घासलेलीच.

कारखान्यातून पत्र येण्याआधीच बाईंना कळलं होतं की आता निवृत्ती द्यायचं चाललंय. त्याला त्यांची हरकत नव्हती; चाकावरची ती रेघ आता होणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण कारखान्यात एक प्रथा होती. जेवणघराच्या लांब भिंतीवर खिळ्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक खिळ्यावर एक ताटली. जो निवृत्त होई, त्याने स्वतःच्या हाताने शेवटची एक ताटली करायची, मागे सही करायची, आणि निरोपाच्या दिवशी ती भिंतीवर चढायची. साचेवाल्याची ताटली कोरी पण तोलदार, फुलंवालीची फुलांची, रेघवाल्यांच्या रेघेच्या. त्या भिंतीसमोर बसून पट्टीबाईंनी जन्मभर डबा खाल्ला होता. कुठल्या खिळ्यावर आपण, हेसुद्धा त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. खिडकीजवळचा.

सुपरवायझर घरी आले. माणूस सज्जन, खुर्चीच्या टोकावर बसणारा. त्यांनी हळूच सुचवलं की बाईंनी त्रास घेऊ नये. रेघ धाकटी काढेल, तुमचीच तर विद्या. तुम्ही मागे फक्त सही करा. ताई मान डोलावत होती. पट्टीबाईंनी विचारलं, दुसऱ्याने जेवायचं आणि मी ढेकर द्यायची, असं का? सुपरवायझर खुर्चीच्या आणखी टोकाला आले. मग म्हणाले, बरं, जशी तुमची इच्छा.

ठरल्या दिवशी बाई गेल्या. आपल्याच जुन्या चाकासमोर बसल्या. शेजारच्या चाकांवर आवाज बंद झाला, सगळ्या बघत होत्या, मग बघत नसल्याचं नाटक करू लागल्या. पट्टीबाईंनी कुंचला भिजवला. हाताला म्हणाल्या, चल. ताटली फिरली आणि रेघ निघाली. नळाखालच्या भांड्यापाशी अडखळली, ठिपक्यांच्या कागदापाशी टोकदार झाली, चपलांपाशी थांबली, तिथे त्यांनी तिला थांबू दिलं, मग ती उठली आणि रुंद होत, डोलत घरी आली. सांधा एक बोटभर चुकला. चुकू दिला. ताटली उलटी करून मागे सही केली, तीही तशीच डोलणारी. वाळायला फळीवर ठेवली आणि वर न बघता घरी गेल्या. वाटेत त्यांना शिट्टी वाजवावीशी वाटली. जिभेला ते अजून जमत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी जेवणघर भरलं होतं. ताईने पट्टीबाईंसाठी नवा पोशाख शिवला होता, स्वतःही ठेवणीतला काढून पहिल्या रांगेत बसली होती. सुपरवायझरांनी भाषण केलं, मग कापडाखालची ताटली उचलून सगळ्यांना दाखवली.

"बघा," ते म्हणाले. "आजारपणानंतरसुद्धा. केसभर हललेली नाही."

टाळ्या पडल्या. ताईने डोळ्यांना रुमाल लावला. पट्टीबाईंनी ताटली हातात घेतली. काठाला निळी रेघ होती, सुरेख, एकसारखी. सांधा शोधूनही सापडत नव्हता. त्यांनी ताटली उलटी केली. मागे त्यांची सही, डोलणारी. मागून त्या, पुढून दुसरीच कुणी.

त्यांनी मान वर केली. सगळे हसऱ्या तोंडाने बघत होते, एकटी धाकटी जमिनीकडे. बाईंना उमगायला वेळ लागला नाही. भट्टीला जाण्याआधी फळीवरचा माल नजरेखालून घालायचं काम धाकटीचं. वाकडी रेघ दिसली. विचार करत बसायचं नाही, हात आपोआप फडक्याकडे गेला पाहिजे.

आता गप्प बसणं सोपं होतं. खिडकीजवळचा खिळा समोर होता, टाळ्या अजून चालू होत्या, ताईचा रुमाल भिजलेला होता. पट्टीबाई नाव शाबूत राहणार होतं, कायमचं, काचेसारखं स्वच्छ. मूग गिळायचे, एवढंच. जन्मभर गिळलेच होते, आणखी एक मूठ.

"ही माझी नाही," पट्टीबाई म्हणाल्या.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही, ते टाळ्या वाजवत राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. सुपरवायझर हसत जवळ आले, विनय म्हणजे काय ते बघा, असं काहीसं म्हणू लागले. बाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला. थरथरत्या हातात माइक थाळीवर चमचा वाजावा तसा खडखडत होता. तो खडखडाट अख्ख्या जेवणघराने ऐकला.

"हा माझा हात," त्या म्हणाल्या. "ऐकताय ना? या हाताने ही रेघ येईल का? मी काढलेली वाकडी होती. ती पुसलीय. ती वाकडी होती म्हणून माझी होती. मला दुसरी ताटली द्या."

ताई उठून उभी राहिली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "बस आता. चांगलं चाललेलं तुला बघवत नाही का?"

"नाही बघवत," पट्टीबाई म्हणाल्या. "ताई, नवरा गेल्यावरसुद्धा रेघ हलली नाही, म्हणून यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज हात गेला तरी हलली नाही म्हणून वाजवतायत. मी हललेय. हलले तेवढं तरी दिसू दे की."

ताई खाली बसली. पुन्हा घासायला घासलेली भांडी तिथे नव्हती.

धाकटी रडत पुढे आली. वाईट दिसू नये म्हणून केलं बाई, तुमचं नाव जाऊ नये म्हणून, तुम्हीच तर शिकवलंत. पट्टीबाईंनी तिला बोलू दिलं. मग ती सुरेख ताटली तिच्याच हातात ठेवली.

"रेघ तुझी आहे. मागच्या माझ्या सहीवर काट मार आणि खाली तुझी घाल. तू निवृत्त होशील तेव्हा लाव. जपून ठेव बरं, तेव्हा तुझा हात कसा असेल कुणी सांगावं."

रडता रडता धाकटीला हसू फुटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला.

कार्यक्रम कसाबसा आटोपला. फराळाच्या बशा फिरल्या, खिडकीजवळचा खिळा मोकळाच राहिला. कुजबुज व्हायची ती झाली; दुखण्याने डोक्यावर परिणाम, असंही कुणी म्हटलं, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंही. दुसऱ्या मताकडे पट्टीबाईंचा कल होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कारखान्यात. ताईने दाराशी अडवलं नाही, सोबतही आली नाही. बाईंनी कोरी ताटली मागून घेतली, चाकावर बसल्या. पुसलेली रेघ पुन्हा येणार नव्हती. आज आली ती आणखी वाकडी आणि बरीच बेगुमान. चपलांपाशी थांबली नाही, नुसती वळून बघितल्यासारखी झाली आणि पुढे गेली. सांधा जवळ आला तसा हात जोरात उडाला, रेघ काठाबाहेर पडली, थेंबभर रंग त्यांच्या नव्या पोशाखावर. राहू दिलं.

ताटली फळीवर ठेवायला मात्र त्या तयार होईनात. भट्टी रचायला अजून वेळ होता. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी मांडीवर धरली आणि भट्टीच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या, अंड्यावर कोंबडी बसावी तशा. भट्टीवाला, त्यांच्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस, दोनदा येऊन म्हणाला की मी आहे ना, ठेवा इथे. बाई म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास आहे, फडक्यावर नाही.

जेवणाच्या सुट्टीत ताई आली. हातात डबा, तोंड फुगलेलं. शेजारचं रिकामं खोकं ओढून बसली. डबा उघडला, पट्टीबाईंचे हात ताटलीत अडकलेले म्हणून स्वतःच घास भरवू लागली आणि भरवता भरवता बोलू लागली. रात्रभर डोळा लागला नाही. लोक तोंडावर काय काय बोलतील. नातेवाइकांत कळलं तर. मग ताटलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, घास हातातच राहिला.

"इथे काय झालं?" तिने बोट न लावता विचारलं. रेघ जिथे दचकून जाड झाली होती, ती जागा.

"तिथे तू आलीस," पट्टीबाई म्हणाल्या. "मशीन घेऊन."

ताईच्या कपाळावर आठी आली आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी दुसरंच. तिने घास पुढे केला. "जाड आहे जरा," म्हणाली.

तेवढ्यात धाकटी हात पुसत पुसत इकडे येताना दिसली. सहजच येत होती, पाणी हवंय का विचारायला. ताई खोक्यावरून उठली, डबा बाजूला ठेवला आणि दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली, शाळेच्या दारात उशिरा आलेल्या मुलीपुढे उभं राहावं तशी.

"आधी ते फडकं तिकडे ठेव," ती म्हणाली. "मग ये."

ताटली पट्टीबाईंनी स्वतः भट्टीत ठेवली. हात थरथरला, ताटली शेजारच्या कपाला लागून किणकिणली, भट्टीवाल्याने डोळे मिटले. पण काही फुटलं नाही. भट्टी निवल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी आपली ताटली मागून घेतली. अजून ऊब होती. करडा दिसणारा कच्चा रंग आता गडद निळा झाला होता.

खिळ्याकडे जाण्याआधी पट्टीबाईंनी एक केलं. रेघेवर अंगठा ठेवला आणि घासला. मग आणखी जोर लावून घासला, काठभर, दचकलेल्या जागेपासून सांध्यापर्यंत.

निघाली नाही.